रजेचा अर्ज

माझे मामा 34 वर्षं पोलीस खात्यात होते. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, पण त्यांना ओळखतात ते हजेरी मेजर म्हणून. कुणाला कुठला बंदोबस्त, कुणाची रात्रपाळी, कुणाची साप्ताहिक सुट्टी कापायची, हे सगळं त्यांच्या वहीत असे. ज्याला धड अर्ज लिहिता येत नसे त्याचा रजेचा अर्जही त्यांच्याच हातचा. "मी लिहिलेला एक बी अर्ज परत आला नाही," असं ते अजून सांगतात. त्याचं गुपित इतकंच, की कारणाच्या जागी ते खरं कारण कधी लिहीत नसत. 'घरगुती अडचण', नाहीतर 'आई आजारी'. एका शिपायाची आई त्यांनी चार वर्षांत अकरा वेळा आजारी पाडली होती.

मी माजलगावच्या कोर्टात वकिली करते. मामाचं आणि माझं चांगलं जमतं. एकमत मात्र एकाच गोष्टीवर, हुरडा गुळभेंडीचाच.

जानेवारी 2024 चा शेवटचा आठवडा होता. धरणाचं पाणी आल्यापासून आमच्याकडं जिकडं बघावं तिकडं ऊस, तरी मामानं सिंदफणेच्या अंगाला दीड एकर ज्वारी हट्टानं ठेवलेली आहे. बांधाजवळ आगटी पेटवली होती. गोवऱ्यांचा जाळ खाली बसला की मामा कणसं विस्तवात खोचणार, काढून हातावर चोळणार, फुंकर मारणार आणि सगळी कुची माझ्या अंगावर येणार, हे दरवर्षीचं ठरलेलं. मामी शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे घेऊन बसली होती. हुरडा टाकायला खाली जुना पेपर अंथरलेला. त्या पेपरातच ती बातमी होती. माजलगावचे पोलीस ललित साळवे बाप झाले, मुलगा झाला.

मामानं बातमीवरचा हुरडा बोटानं बाजूला सारून ती पुरती वाचली.

"मी रिटायर झालो अन् वर्षभरात हे सगळं सुरू झालं," ते म्हणाले. "नशीब, वही दुसऱ्याच्या हातात गेली होती. नाहीतर तो अर्ज माझ्याच पुढ्यात आला असता."

"आला असता तर काय केलं असतं?"

"घरगुती अडचण लिहिलं असतं. महिना कामून मिळाला नसता? खरं कारण लिहिलं, तिथं घोटाळा झाला."

जे विसरले असतील त्यांच्यासाठी सांगते. साळवे माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे. 2010 मध्ये महिला पोलीस शिपाई म्हणून भरती झाले. कागदावर नाव ललिता. स्वतःच्या शरीराबद्दलची शंका वाढत गेली, तपासण्या झाल्या, गुणसूत्रांची चाचणी झाली आणि डॉक्टरांनी लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. 2017 मध्ये त्यांनी खात्याकडं महिनाभराची रजा मागितली. शस्त्रक्रियेसाठी, असं स्पष्ट लिहून. खात्यानं नाही म्हटलं. भरती महिला म्हणून, पुरुष शिपायाचे निकष वेगळे, आता पुरुष म्हणून कसं ठेवून घ्यायचं? त्या नोव्हेंबरात प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, हा नोकरीचा विषय, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडं जा, म्हणजे आपण ज्याला मॅट म्हणतो तिकडं. मधल्या काळात वर्तमानपत्रं, वाहिन्या, मुख्यमंत्री, सगळ्यांचं लक्ष गेलं. मे 2018 मध्ये गृह विभागानं परवानगी दिली आणि 25 मे रोजी मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. 2020 मध्ये लग्न झालं. आणि आता हा पेपर.

एका रजेच्या अर्जानं काय काय फिरून यावं! वकील म्हणून मला त्यातली ही गोष्ट फार आवडते. राज्यघटनेचे मोठे प्रश्न पुष्कळदा असेच आवक-जावक नोंदवहीतून आत येतात.

"घरगुती अडचण लिहून रजा मिळाली असती," मी म्हटलं, "पण परत आल्यावर? हजेरीला काय म्हणून उभं राहायचं?"

मामानं कणीस उलटं केलं. "तेच तर. तेव्हा ती..." ते थांबले. "तो. जाऊ दे, साळवे. हजेरीला आपण आडनावच पुकारतो."

त्यानंतर सबंध संध्याकाळ मामा 'साळवे'च म्हणत राहिले. मला ते गैर वाटलं नाही. जीभ अडली की माणूस आपल्या धंद्यातला शब्द शोधतो.

"हे बघ," मामा म्हणाले, "साळवेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खात्याची बाजू बी ऐक. भरतीला बाईला 155 सेंटिमीटर उंची लागती, गड्याला 165. धावायचं अंतर वेगळं, गोळा वेगळा. एक पोरगी त्या दिवशी मैदानावर दोन मार्कानं बाहेर गेली असंल. ती जागा महिलांची होती. आता त्या जागेवर पुरुष आहे. त्या पोरीनं कुणाकडं जायचं?"

याला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. भरतीच्या दिवशी साळवेंनी कुणाला फसवलं नाही. जन्मदाखल्यावर जे होतं तेच अर्जावर होतं. पण जागेचा हिशोब खोटा नाही.

"मग?"

"मग नियम पाहिजे, मामा. तुम्ही म्हणताय तो गोंधळ नियम नसल्यामुळं झाला. नोकरीत असताना एखाद्याची लिंगओळख बदलली, तर उंची कुठली धरायची, ज्येष्ठता कशी मोजायची, ती रिकामी जागा परत महिलांना द्यायची का, हे एका ओळीचं काम आहे. ती ओळ कुणी लिहिली नव्हती. म्हणून एका शिपायाला बीडहून मुंबईपर्यंत जावं लागलं."

"लिहिली का मग नंतर?"

इथं मी त्यांना डिसेंबर 2022 सांगितला. राज्याच्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने होते. तृतीयपंथी उमेदवार मॅटमध्ये गेले, मॅटनं तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. शारीरिक चाचणीचे निकष नाहीत, मग भरती कशी करणार, हा सरकारचा युक्तिवाद. न्यायालयानं झापलं, तेव्हा सरकारनं तिसरा रकाना आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत निकष, दोन्ही कबूल केलं. तोवर छत्तीसगडमध्ये 2021 मध्येच 13 तृतीयपंथी शिपाई भरती झाले होते, तामिळनाडूत एक फौजदार 2017 पासून काम करत होती आणि कर्नाटकानं सरकारी नोकरीत एक टक्का जागा राखून ठेवल्या होत्या.

"म्हणजे साळवेचं होऊन चार वर्षं झाली, तरी अर्जात रकाना नव्हता?"

"नव्हता."

मामा यावर गप्प बसले. रकाना हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. वहीत रकाना नसला तर समोरचा माणूसच दिसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मामीनं ताटलीत हुरडा टाकला. थोडा वेळ खाण्यात गेला. मग मामाच म्हणाले, आणि मला वाटतं इतका वेळ त्यांच्या मनात हेच होतं, "साळवेचं वेगळं आहे. ते दुखणं होतं. डॉक्टरनं तपासलं, मशिनीनं दाखवलं. निसर्गाची चूक, डॉक्टरनं दुरुस्त केली. त्याला कुणी नाव ठेवणार नाही. पण तुम्ही वकील लोक त्याच्या आडून बाकीची फौज आत घेता. ज्यांच्याकडं रिपोर्ट नाही, नुसतं मनाला वाटतं, त्यांना कामून कायदा पाहिजे? ते तर निसर्गाच्या विरुद्ध आहे."

"आपल्या जिल्ह्यानं निसर्गाचं नाव काढू नये, मामा."

"म्हणजे?"

"2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं आपल्याकडं मुली किती होत्या? 807."

मामाला आकडा माहीत होता. 2012 मध्ये परळीचं गर्भपाताचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा आपल्या ठाण्यातून तिकडं बंदोबस्ताला माणसं त्यांनीच लावली होती. ते म्हणाले, "ते पाप वेगळं."

मग मामी बोलली. ती एरवी आमच्या वादात पडत नाही. तिनं चटणीवाल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाली, "पिशव्या काढल्या तेव्हा कुणी परवानगी मागितली होती?"

बीडबाहेरच्या वाचकाला हे वाक्य कळणार नाही. आमच्याकडच्या ऊसतोड बायकांना पाळीच्या त्रासासाठी खासगी दवाखान्यात नेलं जायचं आणि तिशीही न उलटलेल्या बाईची गर्भपिशवी काढून टाकली जायची. उचल घेतलेली असते, एक खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, पाळी आली की काम थांबतं. मग डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि पिशवी जाते. 2019 मध्ये विधान परिषदेत हे गाजलं, समिती नेमली गेली. तोवर गावंच्या गावं पिशव्यांविना झाली होती. मामीच्या माहेरी एका गल्लीतल्या किती बाया, ते ती बोटांवर मोजून दाखवते.

"बाईची पिशवी काढायला मुकादमाची उचल पुरली," मामी म्हणाली. "अन् ह्यानं सोताच्या अंगाचं काही करतो म्हटलं, तर मंत्रालय लागलं. निसर्ग म्हणं!"

मी इतकी वर्षं हे दोन विषय दोन वेगळ्या फायलींत ठेवले होते. मामीनं एका दोऱ्यात बांधले. ज्याला आपण निसर्ग म्हणतो, तो आमच्या जिल्ह्यात बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीचा असतो.

मामा हटले नाहीत, आणि ते बरं झालं. "ठीक आहे, निसर्ग सोड. पुरावा तर पाहिजे का नाही? उद्या कुणी बी उठंल अन् म्हणंल मी बाई. महिला कैद्याची झडती महिला पोलिसानंच घ्यायची, असा कायदा आहे. तिथं कुणाला पाठवू?"

"साळवेंनी महिलांची झडती घ्यायला मागितली होती का? त्यांनी उलट पुरुषांत घाला म्हणून अर्ज केला होता. आणि पुराव्याचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 ला सांगून ठेवलंय: आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. त्याला नालसाचा निकाल म्हणतात. साळवेंचा अर्ज त्यानंतर तीन वर्षांनी नाकारला गेला. निकाल दिल्लीत होता, अर्ज बीडमध्ये होता."

"मग 2019 चा तुझा कायदा? त्यात बी कलेक्टरचं प्रमाणपत्र लागतंच की. आमच्या शेजारच्या गल्लीतली एकजण हेलपाटे घालायली. म्हणजे तुझ्या कायद्यानं बी रिपोर्टच मागितला."

ही फेरी मामांनी जिंकली. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा 2019 मध्ये झाला, 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. न्यायालयानं ओळख माणसाच्या हाती दिली होती, कायद्यानं ती जिल्हाधिकाऱ्याच्या शिक्क्याखाली नेली; आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला पुन्हा आलाच. मी याच कायद्याची बाजू घेऊन बोलत होते आणि त्याचं सगळ्यात दुखरं बोट मामाच्या हातात होतं. अजून एक बोट मीच दाखवलं: या कायद्यात नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, सगळीकडं भेदभावाला मनाई आहे, पण मनाई मोडून नोकरीत डावललं तर नेमकी शिक्षा कोणती, ते स्पष्ट नाही. लैंगिक अत्याचाराला मात्र शिक्षा लिहिलेली आहे: सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं.

"माणूस तोच, दर वेगळा," मामा म्हणाले. फौजदारी कलमांपुढं त्यांची विचारसरणी कुठल्या कुठं जाते. "हे मात्र चूक आहे."

"म्हणूनच म्हणते, असलेला कायदा अपुरा आहे. तुम्ही म्हणता कायदाच नको."

"मी म्हणतो, कायद्यानं माणसं बदलत नाहीत. आपल्यात त्यांना कुणी हाकललं होतं? तुळजापूरचे आराधी बघ. लुगडं नेसलेला गडी परडी घेऊन दारात आला की तुझी आजी पीठ-मीठ घालून पाया पडायची. वाकडा शब्द नव्हता. 2022 ला बीडात एका तृतीयपंथी पोरीचं लग्न लागलं, लोक अक्षता टाकायला गेले. हे कुठल्या कलमानं झालं?"

मला ही आठवण प्रिय आहे. आजीच्या घरी आलेल्या आराध्याच्या गळ्यातल्या कवड्यांची माळ मी हातात घेऊन पाहिलेली आहे. कपाळभर मळवट, हातात पोत, आणि बोलणं इतकं मऊ, की घरातली चिडकी गायसुद्धा त्याला शिंग दाखवत नसे. मामा म्हणतात ते खरं आहे, पाया पडायचोच.

"त्याला कुणी खोली भाड्यानं दिली होती का?" मी विचारलं.

मामा काही बोलले नाहीत.

"देवीच्या नावानं दारात उभा आहे तोवर मान. त्यानं उद्या सांगितलं, परडी ठेवतो, मला पतसंस्थेत कारकून म्हणून घ्या, तर? आपला मान उंबऱ्याच्या बाहेरचा आहे. कायदा लागतो तो उंबऱ्याच्या आत यायला. लोकांनी प्रेम करावं म्हणून मी कायदा मागत नाही. घरमालकानं त्याला आवडून घ्यावं असं कुठं म्हणते? भाडं देतोय, डिपॉझिट देतोय, तर खोली दे, एवढंच."

जळगावची गोष्ट मी इथंच सांगितली. भादली गावात 2021 च्या जानेवारीत ग्रामपंचायतीची निवडणूक होती. अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी, म्हणून अधिकाऱ्यानं अर्ज बाद केला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. तेच खंडपीठ, जिथं आमच्या बीडच्या फायली जातात. न्यायालयानं अर्ज ग्राह्य धरला, त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. गावाची हरकत कधीच नव्हती. हरकत टेबलामागं होती.

"मामा, लोक तुम्ही म्हणता तेवढे चांगले आहेत, असं धरू. मग तर कायद्याला कुणाचा विरोधच नको."

"वकिलाशी कोण बोलणार," मामा म्हणाले आणि आगटीत दोन गोवऱ्या टाकल्या.

अंधार पडायला लागला होता. थंडी चांगली होती. मामी भांडी घेऊन कोठ्याकडं गेली, आणि मामानं आवाज जरा खाली आणला. हा विषय मामीसमोर काढायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं असावं.

"साळवे कळतो. तृतीयपंथी कळतात, ते पहिल्यापासून आहेत. पण ते दुसरं... पोरापोरांचं, पोरीपोरींचं. त्याला कशाला पाहिजे संरक्षण? कपाळावर लिहिलेलं नसतं. गप राहावं, नोकरी करावी. कुणाला कळतंय?"

एका तरुणाची गोष्ट सांगितल्याशिवाय याला उत्तर नव्हतं. तालुका सांगत नाही, धंदाही नाही. संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या वेळी आला. पहिलं वाक्य, "वहीत नाव लिहू नका, मॅडम." एका खासगी ठिकाणी हिशोबाचं काम करायचा, पाच वर्षं झालेली, एक रुपयाचा घोळ नाही. मोबाइल टेबलावर राहिला, कुणीतरी एक मेसेज वाचला, मालकाच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. लेखी काही नाही. पगाराचा हिशोब चोख दिला, वर महिन्याचा जादाही. "साहेब माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते," तो म्हणाला. जाताना ज्यानं त्याच्या डब्यातली भाकरी पाच वर्षं खाल्ली होती, त्या सहकाऱ्यानं पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर विसळला.

"मग टाक की केस," मामा म्हणाले.

"कुठल्या कलमाखाली?"

मी त्यांना सगळं फिरवून दाखवलं, जसं त्या रात्री स्वतःला दाखवलं होतं. इंग्रजांनी 1860 मध्ये घातलेलं कलम 377 सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढून टाकलं. म्हणजे तो गुन्हेगार नाही. इतकंच. राज्यघटनेचं पंधरावं कलम सरकारला भेदभाव करू देत नाही; हा मालक सरकार नाही. 2019 चा कायदा तृतीयपंथीयांसाठी. हा तृतीयपंथी नाही. ऑक्टोबर 2023 च्या निकालात न्यायालयानं समलिंगी लग्नाला नकार दिला आणि बाकीच्या अडचणी बघायला सरकारनं समिती नेमावी म्हटलं. नाही म्हणायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही असं लिहिलंय, पण कुठं? उपचार देताना. म्हणजे या धक्क्यानं तो खचला, तर दवाखाना त्याला नाही म्हणू शकत नाही. नोकरीवरून काढणारा काढू शकतो.

"तर असं आहे, मामा. गप राहिलाच होता तो. कपाळावर लिहिलेलं नव्हतंच."

"कामगार कोर्ट?"

"आहे. कारण न देता काढलं, म्हणून जाता येईल. मालक म्हणणार, काम कमी झालं. मग आम्ही म्हणायचं, नाही, खरं कारण हे. आणि ते उघड्या कोर्टात म्हणायचं, जिथं मागच्या बाकावर त्याच्या गावचे चार जण तारखेला आलेले असतात. त्याचे वडील माळकरी आहेत. तो म्हणाला, केस जिंकेन पण घर हरेन."

मामा बराच वेळ विस्तवाकडं बघत होते.

"कायदा असता, तर ह्यात काय फरक पडला असता? तेव्हा बी उघड्यावर बोलावंच लागलं असतं."

हा प्रश्न खरा आहे. मामांच्या सगळ्या प्रश्नांत तो सगळ्यात खरा. त्या पोराला कदाचित कुठलाच कायदा कोर्टापर्यंत आणू शकला नसता. पण मला मालकाचा विचार करायचा आहे. तो काही राक्षस नाही. दिवाळीला सगळ्यांना मिठाई देतो, जास्तीचा पगारही त्यानं दिलाच. त्याच्या ऑफिसात भिंतीवर किमान वेतनाचा तक्ता आहे, महिला तक्रार समितीची नावं आहेत. त्या कागदांवर त्याचा विश्वास असेल-नसेल, पण एखाद्या बाईला लग्न झालं म्हणून काढताना त्याचा हात एकदा त्या भिंतीकडं बघून थांबतो. या पोराच्या वेळी भिंत कोरी होती. त्याला थांबवायला काहीच नव्हतं, म्हणून तो एका दिवसात उरकून मोकळा झाला.

साळवेंच्या बाबतीतही मला हेच खुपतं. सगळं गोड झालं, मुलगा झाला, बातमी झाली. पण त्यांना जे मिळालं ते माणसांनी दिलं: एका मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातलं, एका विभागानं फाइल पुढं सरकवली, पत्रकारांनी बातमी लावून धरली. यातला एक जण जरी वेगळा निघाला असता तर? पुढचा शिपाई अर्ज करील तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या माजलगावला येणार नाहीत. एकच बातमी दोनदा कोण दाखवतं?

हे मी मामांना म्हटलं, बहुधा जरा भाषणासारखंच.

"मेहेरबानीची रजा," मामा म्हणाले.

"काय?"

"आमच्यात दोन रजा. एक हक्काची, ती खात्यात जमा असते, वहीत दिसते. दुसरी साहेबाच्या मर्जीची. मर्जीच्या रजेवर गेलेला माणूस घरी नीट झोपत नाही. फोन वाजला की उठतो." त्यांनी एक कणीस उचललं, जळलंय का बघितलं. "माझी आई गेली तेव्हा मी मर्जीच्या रजेवर होतो. तिसऱ्याच दिवशी बोलावलं, निवडणुकीचा बंदोबस्त होता. दहावं मी वर्दीत केलं."

हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांच्या आया अकरा-अकरा वेळा आजारी पाडणाऱ्या माणसानं स्वतःच्या आईच्या वेळी खरं कारण लिहिलं होतं, आणि तीच रजा मोडली गेली होती.

मामांचं मत बदललं, असं मी लिहिणार नाही. पोरापोरांचं त्यांना अजूनही पटत नाही. त्यांनी त्या रात्री तसं दोनदा सांगितलं, आणि समलिंगी लग्नाचं नाव काढलं तेव्हा उठून बैलांना वैरण टाकायला गेले. महिलांच्या जागेचा त्यांचा मुद्दाही अजून उभा आहे, आणि तो उभा राहायला हवा. नियम लिहिणाऱ्यानं तो वाचलेला बरा.

वैरण टाकून आले, हात झटकले, आणि विचारलं, "त्या पोरानं काढल्याचं कारण लेखी मागितलं का?"

"नाही. त्याला लेखी नको आहे."

"मागू दे. नुसतं मागू दे. तोंडी काढलेला माणूस काढलेला नसतो, गैरहजर असतो. रजिस्टर पोस्टानं पाठव, पोच घे. मालक खरं कारण लिहिणार नाही, लिहायची हिंमत होणार नाही. दुसरं कारण लिहील. ते खोटं असंल. खोटं कारण लिहिलेला कागद हातात असणं, पोरी, लई कामाचं असतं. मला विचार."

"आणि मसुद्यात काय लिहू? 'काढायचं कारण काय असावं असं तुम्हाला वाटतं,' असं मालकानंच उलट विचारलं तर?"

मामांनी राखेतून शेवटचं कणीस ओढून काढलं. हातावर घेतलं, चटका बसला तसं या हातावरून त्या हातावर टाकत राहिले.

"कागद आण रविवारी," ते म्हणाले. "बघू."